परत आलेल्या कामाची वही: डेव्हलपर म्हणून हात पक्का करण्याची एक पद्धत

माझे काका शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला होते. सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन जायचो. त्यांच्या टेबलाशेजारी कास्टिंगचा, म्हणजे धातू साच्यात ओतून केलेल्या भागांचा, एक ढीग कायम असायचा, गिऱ्हाइकाकडून परत आलेल्या मालाचा. एकदा मी विचारलं, हे सगळं लगेच वितळवून पुन्हा का वापरत नाहीत? ते म्हणाले, "वितळवायचंच आहे, पण आधी कापून बघायचं. आत काय झालंय ते बाहेरनं कसं कळणार?" कापलं की आत बारीक पोकळ्या दिसायच्या, ब्लो होल. मग काका कास्टिंगवरचा हीट नंबर, म्हणजे ते कुठल्या ओतीतलं आहे ते सांगणारा आकडा, वाचायचे, त्या दिवसाचं रजिस्टर काढायचे आणि वाळूत ओल किती होती ते बघायचे. ओल जास्त झाली की ओतताना वाफ होते आणि ती धातूत अडकते.

मी चौदा वर्षं कोल्हापुरात राहून सॉफ्टवेअर लिहितोय. दूध संस्थांची बिलं, कारखान्यांचा स्टॉक आणि हजेरी, दुकानांचं बिलिंग. पहिली चार वर्षं मी दर सहा महिन्यांनी काहीतरी नवीन शिकत होतो. नवीन भाषा, नवीन फ्रेमवर्क, नवीन डेटाबेस. तरी गिऱ्हाइकाचे फोन तसेच यायचे, आणि नीट बघितलं तर चुकाही त्याच असायच्या, फक्त नव्या भाषेत. एका रविवारी काकांचं ते रजिस्टर आठवलं आणि मी एक वही घातली. माझ्याकडे परत आलेलं प्रत्येक काम त्यात लिहायला लागलो. दहा वर्षांत मी जे खरं शिकलो त्याचा मोठा भाग त्या वहीतून आला. ही पद्धत मी माझ्याबरोबर काम करणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला शिकवतो. इथं ती पायरीपायरीनं सांगतोय.

पायरी १: वही घाला

शंभर पानी साधी वही चालते. कंपनीच्या ट्रॅकरमध्ये, म्हणजे कामं आणि तक्रारी टिपायच्या प्रणालीत, नोंद असतेच, पण ती कंपनीची. नोकरी सोडली की ती तिथंच राहते, शिवाय तिथं 'दुरुस्त केलं' एवढंच लिहिलेलं असतं. ही वही तुमची आहे, म्हणून त्यात गिऱ्हाइकाचं नाव, पासवर्ड किंवा कंपनीचा कोड लिहायचा नाही. चूक कुठल्या प्रकारची होती तेवढं लिहायचं.

प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी येऊ द्या. तारीख. काय परत आलं, सांगणाऱ्याच्याच शब्दांत. कारण काय निघालं. ते शोधायला किती वेळ गेला. आणि पाचवी, जी सगळ्यात महत्त्वाची: ही चूक याआधी कुठं पकडता आली असती? गिऱ्हाइकाशी बोलताना, लिहिताना, टेस्टमध्ये (कोड बरोबर चालतो का ते तपासणारा छोटा प्रोग्राम), दुसऱ्यानं कोड वाचताना, की इन्स्टॉल करताना?

कारणाच्या जागी 'घाईत राहून गेलं' असं कधीही लिहू नका. काकांच्या रजिस्टरात 'मोल्डरनं लक्ष दिलं नाही' असं मी कधी वाचलं नाही. तिथं वाळूतल्या ओलीचा आकडा असायचा, कारण आकडा उद्या बदलता येतो. घाई सगळ्यांनाच असते आणि उद्याही असणार आहे. कारण असं लिहा की त्यावर हात ठेवून काहीतरी करता येईल.

वीस-पंचवीस नोंदी झाल्या की एका शांत संध्याकाळी बसा आणि त्यांचे गट पाडा. माझ्या वहीत सगळ्यात मोठा गट निघाला तो एककांचा आणि सीमेवरच्या आकड्यांचा. मला वाटत होतं, मी डेटाबेसमध्ये कच्चा आहे. वहीनं वेगळंच दाखवलं. पुढचे तीन महिने काय शिकायचं ते त्या गटावरून ठरवा, बाजारात काय नवीन आलंय त्यावरून नको.

पायरी २: एक नोंद शेवटपर्यंत न्या

माझ्या वहीतली एक नोंद इथं पूर्ण उलगडतो, कारण सगळी पद्धत तिच्यात आहे.

पावसाळ्यात कोल्हापुरात सकाळी चहाआधी एकच प्रश्न असतो, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती? पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. नातेवाईक आणि मित्रांसाठी मी एक छोटं पान केलं होतं. जाहीर झालेली पातळी भरायची आणि आलेख बघायचा. पातळी फूट आणि इंचात येते. मी मात्र एकच दशांशाचा रकाना ठेवला होता. ३९ फूट ९ इंच भरलं गेलं ३९.९ असं. नंतर पाणी इंचभर चढलं, ३९ फूट १० इंच झालं, आणि ते भरलं गेलं ३९.१०. संगणकाच्या लेखी ३९.१० म्हणजे ३९.१. नदी चढत होती आणि माझा आलेख पाणी उतरल्याचं दाखवत होता.

प्रयाग चिखलीतल्या मावसभावाचा फोन आला, "दादा, तुझं पान पाणी उतरलं म्हणतंय, पण इथं आणखी एक पायरी बुडाली की." तो नदी डोळ्यांनी बघत होता म्हणून निभावलं. आलेखावर विसंबून कुणी गोठ्यातली जनावरं हलवायला उशीर केला असता तर, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो. पान छोटं होतं, फुकट होतं, घरच्यांसाठी होतं. त्यानं जबाबदारी कमी होत नव्हती.

आता दुरुस्तीचा क्रम. तो कधी बदलू नका.

आधी चूक स्वतःच्या संगणकावर पुन्हा घडवून आणा. ती घडत नसेल तर तुम्हाला कारण कळलेलं नाही, अंदाज आहे. मग ती चूक पकडणारी टेस्ट लिहा आणि टेस्ट नापास होताना बघा. ही गोष्ट बरेच जण गाळतात. नापास न झालेली टेस्ट खरंच काही तपासते की नाही हे कळायला मार्ग नसतो. त्यानंतरच कोडला हात लावा.

माझी दुरुस्ती अशी होती: फूट आणि इंच दोन वेगळे रकाने, आणि आत साठवायचे फक्त एकूण इंच, पूर्णांकात. ३९ फूट म्हणजे ४६८ इंच, ४३ फूट म्हणजे ५१६. मग टेस्ट लिहिल्या. ३८ फूट ११ इंचाला काही इशारा नाही. ३९ फूट शून्य इंचाला इशारा. ४२ फूट ११ इंचालाही इशाराच, आणि ४३ फुटाला बरोबर धोका. ३९ फूट १० इंच हे ३९ फूट ९ इंचांपेक्षा जास्त. ३९ फूट १२ इंच असं कुणी भरलं तर ते घ्यायचंच नाही, भरणाऱ्याला पुन्हा विचारायचं. आणि रकाना रिकामा असेल तर तो शून्य धरायचा नाही. आकडा आला नाही आणि नदी कोरडी पडली, या दोन फार वेगळ्या बातम्या आहेत.

टेस्टसाठी आकडे कुठले घ्यायचे, असं मुलं विचारतात. जिथं वागणं बदलतं त्या रेषेच्या अलीकडचा, रेषेवरचा आणि पलीकडचा. मधले आकडे सहसा बरोबरच येतात.

यानंतरचं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं: चुकीची भावंडं शोधा. एका आकड्यात दोन एककं कोंबली, अशी माझी चूक होती. मग मी माझ्या सगळ्या जुन्या कामात हेच कुठं केलंय ते शोधलं. एका कारखान्याच्या हजेरीत सापडलं. साडेआठ तास काम केलेल्या माणसाचे तास ८.३० असे भरले जात होते आणि पगार ८.३ तासांचा निघत होता. ८.३ तास म्हणजे ८ तास १८ मिनिटं, म्हणजे दिवसाला बारा मिनिटं माणसाच्या पदरातून जात होती. त्याबद्दल एकही तक्रार आली नव्हती. मी स्वतः जाऊन सांगितलं आणि मागचा फरक काढून दिला. ते सांगताना जीभ जड झाली होती, पण त्या मालकानं पुढची तीन कामं मलाच दिली.

पायरी ३: आपल्या भागातल्या चुका आधीच ओळखून ठेवा

काही चुका आपल्याकडच्या कामात इतक्या नेमानं येतात की त्या वहीत यायची वाट बघायला नको.

पहिली पैशाची. संगणकाचे नेहमीचे दशांश आकडे आत द्विमान पद्धतीत असतात आणि त्यात ०.१ तंतोतंत बसत नाही. म्हणून ०.१ अधिक ०.२ ची बेरीज बऱ्याच भाषांमध्ये ०.३०००००००००००००००४ येते. एका बिलात हे दिसत नाही. दूध संस्थेत दिसतं. समजा ४.७ लिटर दूध आणि फॅटप्रमाणे दर ४१.३५ रुपये. गुणाकार येतो १९४.३४५. म्हणजे बरोबर अर्ध्या पैशावर. हे १९४.३४ की १९४.३५? पायथनचा राऊंड अर्ध्यावर आला की जवळच्या सम संख्येकडे जातो, २.५ चे २ करतो आणि ३.५ चे ४. जावास्क्रिप्टचा मॅथ राऊंड २.५ चे ३ करतो. सर्व्हर एका भाषेत आणि स्क्रीन दुसऱ्या भाषेत असेल तर छापील पावती आणि मोबाईलवरचा आकडा जुळत नाही. दहा दिवसांच्या बिलात सकाळ-संध्याकाळ मिळून वीस नोंदी असतात. प्रत्येक नोंद पैशापर्यंत गोल करायची की शेवटी एकदाच, यावरून बिलात दहा पैशांपर्यंत फरक पडू शकतो. दहा पैसे म्हणजे काहीच नाही असं आपल्याला वाटतं. पण घरी बसून कार्डावरची बेरीज ताडून बघणारी बाई असते, आणि बेरीज एकदा चुकली की तिचा सगळ्या मशीनवरचा विश्वास उडतो, अगदी फॅट मोजणाऱ्यावरचासुद्धा.

तेव्हा पैसे पूर्णांक पैशांत साठवा किंवा भाषेतला खास दशमान प्रकार वापरा. आणि गोल कसं करायचं ते तुम्ही ठरवू नका. संस्थेच्या सचिवांना विचारा, "आतापर्यंत हातानं कसं करत होता?" ते जे सांगतील ते लिहून घ्या, त्यांना वाचून दाखवा आणि त्याचीच टेस्ट करा.

दुसरी चूक मराठी अक्षरांची. एका यादीत 'कऱ्हाड' शोधलं की निम्मी गावकरी मंडळी सापडायची, निम्मी गायब. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे. आत मात्र एकानं ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त टाइप केला होता, दुसऱ्यानं साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक, म्हणजे झिरो विड्थ जॉइनर. तिसरा प्रकारही असतो, र आणि खाली नुक्ता. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत. तिचं एनएफसी प्रमाणीकरण (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करणं) नुक्त्याचा प्रकार ऱ मध्ये बदलून देतं, पण जोडकाला हात लावत नाही. म्हणून साठवण्याआधी आणि शोधण्याआधी दोन्ही ठिकाणी आधी र-हलन्त-जोडक या तिकडीचं ऱ-हलन्त करा, मग एनएफसी करा. घाईनं सगळे जोडक पुसून टाकलेत तर कऱ्हाडचं 'कर्हाड' होईल, आणि ते परत सुधारणं अवघड जातं.

लांबीचंही तसंच. 'कोल्हापूर' आपल्याला चार अक्षरांचा शब्द वाटतो. युनिकोडमध्ये त्याचे नऊ घटक होतात आणि यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत सत्तावीस बाइट. नावाच्या रकान्याला वीस बाइटची मर्यादा घातली तर गावाचं नाव मधेच तुटतं. एसएमएस इंग्रजीत १६० अक्षरांचा असतो, देवनागरीत ७० चा. बिलाचा मजकूर मराठीत केला आणि खर्च दुपटीवर गेला, ही नोंदही माझ्या वहीत आहे. मराठी सोडू नका. मजकूर आधी मोजा, नीट आखडून लिहा आणि खर्च संस्थेला आधीच सांगा.

पायरी ४: प्रत्येक बदलावर हीट नंबर

कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं गिट २००५ साली लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्सच्या कामासाठी लिहिलं. आज ते सगळेच वापरतात, पण बरेच जण दिवसाच्या शेवटी सगळं एकत्र गुंडाळून 'चेंजेस' असा निरोप लिहून ठेवतात. हीट नंबर नसलेलं कास्टिंग परत आलं तर रजिस्टर कुठलं काढणार?

एका कमिटमध्ये, म्हणजे गिटमधल्या एका नोंदीत, एकच बदल करा. नाव बदलणं, जागा बदलणं वेगळं; वागणं बदलणं वेगळं. निरोपात काय केलं ते थोडक्यात पुरे, ते कोडमध्ये दिसतंच. का केलं ते लिहा. 'दूध दर प्रत्येक नोंदीला पैशापर्यंत गोल. संस्थेची जुनी पद्धत तशी आहे' असा निरोप तीन वर्षांनी तुमचा अख्खा दिवस वाचवतो. मराठीत लिहिला तरी चालतो, फक्त सगळ्या टीमला वाचता आला पाहिजे.

असे छोटे कमिट असले की गिट बायसेक्ट वापरता येतं. चांगली चालणारी जुनी आवृत्ती आणि बिघडलेली नवी आवृत्ती सांगायची. मग ते दर वेळी मधली आवृत्ती काढून देतं, तुम्ही बरोबर की चूक ते सांगत जायचं. हजार कमिटमधून दहाएक वेळा तपासून दोषी कमिट हाती लागतं. त्या कमिटमध्ये बारा ओळी असतील तर कारण पाच मिनिटांत दिसतं. बाराशे असतील तर बायसेक्टनं काहीच साधलं नाही.

पायरी ५: वापरणाऱ्याच्या शेजारी बसा

वहीच्या पाचव्या रकान्यात, 'कुठं पकडता आली असती' तिथं, माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळा 'बोलताना' असं आलं. म्हणून मी जायला लागलो.

करवीर तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रावर पहाटे साडेपाचला जाऊन बसलो. बाहेर किटल्या घेऊन रांग. आत एक तरुण ऑपरेटर, हात ओले, एका हातानं नमुना घेतोय, दुसऱ्या हातानं आकडे दाबतोय. माझ्या स्क्रीनवर प्रत्येक नोंदीनंतर 'सेव्ह' वर माऊस न्यावा लागत होता. तो मला म्हणाला, "सर, ह्यो माऊस काढा की इथनं. हात पुसायचा, माऊस धरायचा, परत भांडं धरायचं, तवर रांग वाढती." सव्वासहाला लाईट गेली. यूपीएसवर संगणक चालू राहिला, पण राउटर बंद पडला आणि माझा प्रोग्राम सर्व्हरची वाट बघत थांबला. लोक माझ्याकडे बघत होते.

त्या दीड तासात मला जे कळलं ते ऑफिसातल्या चार मीटिंगमध्ये कळलं नसतं. सगळी नोंद उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांवर आणि एंटरवर आणली. नोंद आधी त्याच संगणकात साठते आणि नेट आलं की वर जाते. तीच नोंद दोनदा वर गेली तरी एकदाच धरली जावी म्हणून प्रत्येकीला जन्मतःच स्वतःचा क्रमांक मिळतो.

जाताना काही पथ्यं पाळा. कामाच्या ऐन वेळी जा, दुपारच्या निवांत वेळी नको. पहिला तास फक्त बघा. 'असं नाही, इथं दाबा' हे वाक्य गिळून टाका, कारण ते तोंडावर आलं की समजायचं, स्क्रीन चुकलीय. भिंतीवर, मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाचा. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये जे नाही ते तिथं असतं.

पायरी ६: कोड वाचायला दुसरे डोळे

कोल्हापुरात अनेक ऑफिसं चार-पाच जणांची आहेत, आणि कित्येक ठिकाणी सगळ्यात अनुभवी माणूस म्हणजे तुम्हीच. 'इथं शिकवायला कुणी सीनियर नाही' ही तक्रार मी नेहमी ऐकतो आणि ती खरी आहे. पण तिच्यावर तीन उपाय आहेत.

पहिला, स्वतःचा बदल रात्र उलटल्यावर सकाळी वाचा, कोड लिहायच्या खिडकीत नाही तर फरक दाखवणाऱ्या खिडकीत. जागा बदलली की नजरही बदलते. दुसरा, ऑफिसातल्या नवख्यालासुद्धा वाचायला द्या, पण 'बघ जरा' असं सांगून नको. नेमका प्रश्न द्या: "दर नसलेल्या दिवशी हे काय करेल, सांग." बदल दोनशे ओळींच्या आत ठेवा, त्यापुढे वाचणारा थकतो आणि 'ठीक आहे' म्हणून मोकळा होतो. तिसरा, रोज वापरता त्या एखाद्या मुक्त लायब्ररीचा, म्हणजे कुणालाही वाचता-वापरता येणाऱ्या तयार कोडसंचाचा, कोड वाचा. सुरुवात तिच्या टेस्टपासून करा, कारण लेखकाला कशाची भीती वाटली ते तिथं कळतं. आणि एखादी छोटी दुरुस्ती पाठवा. जगातल्या कुठल्या तरी कोपऱ्यातला जाणकार माणूस तुमच्या दहा ओळी वाचतो आणि काय खटकलं ते सांगतो. ते शिक्षण फुकट आहे आणि राजारामपुरीतल्या खोलीत बसून मिळतं. मराठी भाषांतरापासून सुरुवात करायची असेल तर फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस दोन्ही मराठीत आहेत.

कुणी चूक दाखवली की लगेच उत्तर देऊ नका. आधी वहीत लिहा. लिहिता लिहिता राग उतरतो आणि मुद्दा उरतो.

एआयकडून कोड लिहून घेणाऱ्यांसाठी माझा एकच नियम आहे: जी ओळ गिऱ्हाइकासमोर उभं राहून समजावून सांगता येणार नाही, ती कमिट करायची नाही. काम परत येईल ते तुमच्या नावावर येईल. उलट वहीतली जुनी कारणं त्याच्यासमोर ठेवून 'यातलं काही माझ्या कोडमध्ये दिसतंय का' असं विचारा. या कामाला ते फार उपयोगी पडतं.

पायरी ७: पूर येण्याआधी बॅकअप परत उभा करून बघा

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१. कोल्हापूरकराला या दोन महिन्यांबद्दल जास्त सांगायला नको. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी आलं आणि रस्ता बंद झाला. तळमजल्यावरच्या दुकानांत, ऑफिसांत पाणी शिरलं. बॅकअप घेतलेले होते, पण हार्ड डिस्क त्याच खोलीत, त्याच टेबलाच्या खणात होती.

तीन प्रती ठेवा, त्यातली एक शहराबाहेर, क्लाउडवर. हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. जे होत नाही ते असं: दर तीन महिन्यांनी कोऱ्या संगणकावर, फक्त त्या बॅकअपवरून, सगळी यंत्रणा उभी करा आणि घड्याळ लावा. माझ्या पहिल्या प्रयत्नात डेटाबेस आला, पण पावत्यांचा फॉन्ट, प्रिंटरची सेटिंग आणि पासवर्ड ठेवलेली फाईल बॅकअपमध्ये नव्हती. पूर्ण दिवस गेला. दुसऱ्या वेळी दोन तास. एक प्रयोग मे महिन्यात कराच. जूनमध्ये पाऊस लागला की वेळ मिळत नाही.

पायरी ८: वहीतून नोकरी आणि पगार

मुलाखतीला येणाऱ्यांच्या बायोडेटात पंधरा तंत्रज्ञानांची यादी असते. ती मी भराभर वाचतो आणि विचारतो, "तुमच्याकडे परत आलेलं एखादं काम सांगा." ज्याला कारणापर्यंत जाता येतं, 'मग मी तशीच चूक आणखी कुठं आहे ते शोधलं' असं जो सांगतो, त्याला मी घेतो. त्याला आमची भाषा येत नसली तरी ती महिन्याभरात येते.

तुम्हीही असंच सांगा. वहीतल्या तीन नोंदी निवडा: एक जिथं कारण शोधणं अवघड होतं, एक जिथं गिऱ्हाइकाशी बोलून प्रश्नच बदलला, आणि एक जिथं चूक पूर्णपणे तुमची होती. तिसरी टाळू नका.

वहीच्या मागच्या पानावरून आणखी एक हिशोब ठेवा. प्रत्येक कामाला किती दिवस लागतील म्हणालो आणि किती लागले. वर्षभरात तुमचा स्वतःचा फरक कळतो. मी नेहमी जवळजवळ निम्मे दिवस सांगायचो. लिहायला लागणारा वेळ धरायचो. जुना डेटा भरणं, शिकवायला जाणं, पहिल्या आठवड्याचे फोन धरायचोच नाही. आता ते वेगळे मांडून सांगतो. पगारवाढ मागताना 'मी खूप मेहनत करतो' याच्या जागी 'सहा महिन्यांत माझ्याकडे परत आलेली कामं इतकी कमी झाली आणि सांगितलेल्या तारखा इतक्या पाळल्या' असं म्हणता आलं की बोलणं वेगळं होतं.

पुण्याला जावं की इथं राहावं? मोठ्या यंत्रणेवर, मोठ्या टीममध्ये दोन-तीन वर्षं काम करायला मिळत असेल तर जरूर जा. लाखो लोक एकाच वेळी वापरतात ती यंत्रणा कशी वाकते हे इथं बसून दिसत नाही. इथं मात्र एक गोष्ट मिळते जी तिथं सहज मिळत नाही: तुमचं काम वापरणारा माणूस स्कूटरवरून वीस मिनिटांवर असतो. दोन्हीकडे वही बरोबर ठेवा.

पायरी ९: काम दुसऱ्याच्या हातात देताना

शेवटच्या आठवड्यात लिहिलेलं हस्तांतराचं पान नेहमी अपुरं असतं. ते पहिल्या महिन्यापासून लिहीत जा, कोडच्या शेजारीच ठेवा. यंत्रणा कशी सुरू करायची. कुठल्या रात्री काय आपोआप चालतं. कुठला भाग नाजूक आहे आणि का. कुठल्या गिऱ्हाइकाला कुठली वेगळी सवलत दिलीय आणि ती कोडमध्ये कुठं आहे. पैशाचा, करांचा, दराचा प्रत्येक नियम कुणी सांगितला आणि केव्हा.

मग नव्या माणसाला त्या पानावरून काम करू द्या. तुम्ही त्याच खोलीत बसा, पण बोलू नका. तो जिथं अडून तुमच्याकडे बघेल तिथं पानात एक ओळ भरा. मागच्या वर्षी दूध बिलाचं काम मी आमच्या ऑफिसातल्या एका मुलीकडे सोपवलं. ती तीन ठिकाणी अडली, मी तीन ओळी भरल्या. दोन आठवड्यांनी तिचा फोन आला, "दादा, दिवाळीच्या बोनसला दर कुठला धरायचा?" ते मी कुठंच लिहिलं नव्हतं, सचिवांनी मला चहाच्या टपरीवर तोंडी सांगितलं होतं. तिनं सचिवांना विचारून पान पूर्ण केलं, टेस्ट लिहिली, आणि मी माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद केली.